जितकं दिसलं, तितकंच लिही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पंखांचे फोटो चारदा पाहिले. भाताच्या पानातल्या अळ्या वाढवून मिळवलेल्या ११ माश्या, मोबाइलच्या ॲपने त्यांना दिलेली दोन वेगळी नावं, आणि प्रबंधात जातीपर्यंत, म्हणजे स्पीशीजपर्यंत, नाव हवंच हा वरून आलेला आग्रह. या गोंधळात तू विचारतेस, "विषय बदलू का?" बदलून काय होणार? तिथल्या किड्याचंही नाव कुणीतरी विचारणारच. जितकं दिसलं, तितकंच लिही. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

पान पोखरते म्हणजे ॲग्रोमायझिडी, पान पोखरणाऱ्या माश्यांचं कुल, हा तुझा पहिला तर्क. तो अळीच्या सवयीवरून केलास, माशी बघून नाही. आता तुझाच फोटो बघ. पंखाच्या पुढच्या कडेची शीर, म्हणजे कॉस्टा, दोन जागी तुटलेली आहे: एकदा खांद्यापाशी आणि एकदा थोडं पुढे, सबकॉस्टा, म्हणजे तिच्या लगतची मागची शीर, जिथे कडेला मिळायला हवी तिथे. ॲग्रोमायझिडीत ती एकाच जागी तुटते. पंखाच्या बुडाशी मागच्या अंगाला जो छोटा बंद कप्पा असतो, तो तुझ्या माशीत नाही. मधल्या दोन कप्प्यांना वेगळं करणारी आडवी शीरही नाही, दोन्ही मिळून एकच लांब कप्पा झालाय. हा शेवटचा गुण आणि बुडाचा कप्पा नसणं क्लोरोपिडी या दुसऱ्या माशीकुलातही सापडतं, पण तिथे कॉस्टा एकदाच तुटते आणि डोक्यावर मोठा चकचकीत त्रिकोण असतो. म्हणून एका लक्षणावर कधी थांबू नकोस.

मग डोकं. चेहरा पुढे फुगलेला, तोंडाशी मोठे राठ केस नाहीत. शृंगिकेवरच्या राठ केसाला, म्हणजे अरिस्टाला, बारीक केस आहेत ते फक्त वरच्या बाजूला, कंगव्याच्या दातांसारखे. बी.एस्सी.ला वाढवलेली ड्रोसोफिला आठव, तिच्या अरिस्टाला वर-खाली दोन्हीकडे असतात. तुझ्या माशीच्या डोळ्यांवर बारीक लव आहे, आणि अंग जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. झालं. कुल एफिड्रिडी, म्हणजे पाणकाठच्या माश्या, प्रजाती (जीनस) हायड्रेलिया. इथवर तुला दिसलं, इथवर बेधडक लिही.

इथून पुढे थांब. तुझ्या अकराही माद्या आहेत. हायड्रेलियाच्या जाती २०० हून जास्त आणि बाहेरून बहुतेक सारख्या, करड्या. खात्रीने जात ठरते ती नराच्या जननांगांवरून: पोटाचं टोक दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साफ करून, ग्लिसरीनमध्ये उलटसुलट फिरवून पाहिल्यावर. नर नसेल तर जातीचं नाव नाही. तू म्हणशील, भातावर फिलिपिनाच असणार, भातावरची नेहमीची जात तीच. हे 'असणार' माझ्या फार ओळखीचं आहे.

तुझ्याएवढी असताना मी १४ माद्यांच्या चिठ्ठ्यांवर 'हायड्रेलिया फिलिपिना' लिहिलं. भात होतं, मुदत संपत आली होती, वरिष्ठ दारात उभे होते. अहवाल गेला. पुढे त्यावरून एक यादी झाली, यादीवरून दुसरी. मी नंतर दोनदा दुरुस्ती कळवली, कुणी छापली नाही. ती कीटकपेटीही ओलीत बुरशीने गेली, म्हणजे आता पुन्हा तपासायलाही काही उरलं नाही. तेव्हापासून मी 'हायड्रेलिया, जात अनिश्चित, मादी' एवढंच लिहीत आले. त्यामुळे माझे पेपर थोडे निघाले, बढती उशिरा मिळाली, 'यांचं काम कधी संपत नाही' हेही ऐकलं. म्हणू देत. माझ्या नंतरच्या एकाही चिठ्ठीवरचं नाव मला मागे घ्यावं लागलेलं नाही, आणि हे मी तुला अभिमानानेच सांगते आहे.

तुला हा हट्ट वाटेल, म्हणून एक उदाहरण. दहावीत बुडबुडे दाखवायला नरसाळ्याखाली ठेवतात ती हायड्रिला नावाची पाणवनस्पती अमेरिकेतल्या तळ्यांत तण होऊन माजली. तिच्यावर १९८७ साली फ्लोरिडात जी माशी सोडली, ती भारतातून नेलेली हायड्रेलिया पाकिस्तानाए. एकाच प्रजातीतली एक जात शेतकऱ्याचं भात खाते, दुसरी मुद्दाम पोसून तणावर सोडतात. भिंगाखाली दोघी बहिणी. अंदाजाने नाव लिहून चालेल का इथे?

आणि आपल्या खाचरांत? या अळीने कुरतडलेल्या पानाची कड पांढरी पडते, लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात शेत वाईट दिसतं, मग बहुतेक वेळा भात आपणहून सावरतं. त्याच दिवसांत कुणी घाईने 'गादमाशी', म्हणजे भाताची दुसरीच कीड, म्हणालं की पंप पाठीवर चढतो. चुकीच्या नावाचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, हे तुला सांगायला नको. तू त्याच घरातली आहेस.

वर्गीकरणाच्या बदलांनी घाबरलीस, तेही अनाठायी. मॅथिस आणि झाटवार्निकी या माशीतज्ज्ञांच्या एफिड्रिडीच्या १९९५च्या जागतिक सूचीत पाच उपकुलं आहेत. तुझी माशी हायड्रेलिइनीत. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरावरची खारमाशी एफिड्रा होती, आता तिला सिर्रुला म्हणतात. नावं हलतात. तू काढलेलं शिरेचं चित्र हलत नाही. म्हणून फोटोवर भागवू नकोस, पेन्सिलीने काढ. काढताना जे दिसत नाही तेही कळतं.

मार्गदर्शकांना सांग, बाई म्हणाल्या 'हायड्रेलिया, मादी' हे पूर्ण उत्तर आहे. ते रागावले तर माझा फोन दे. रिकामी कोशकवचं टाकली नसशील अशी आशा आहे. ज्या माशीचं कवच तिच्याच टाचणीवर लाव. खाचराच्या कडेच्या चिखलावर पुढच्या मांड्या जाड असलेली, नाकतोड्याला नाही, तर प्रार्थनाकीटकाला शोभेल अशी माशी दिसली तर तीही धर, ती ऑक्थेरा, याच कुलातली. आणि या आठवड्यात त्याच बांधावरून आणखी ३०-४० पोखरलेली पानं आण, ओल्या कागदावर बरणीत ठेव, तोंडाला मलमल बांध. नर निघाला की पोट साफ करायच्या आधी मला कळव, मी येते.

तुझी,
बाई