मागे डिस्क आहेत, हँडब्रेक कुठला टाकू?

प्रश्न : हौस म्हणून घरीच छोटी टू-सीटर बांधतोय, वजन साधारण 900 किलो होईल. मागे डिस्क ब्रेक टाकलेत पण त्यांच्या कॅलिपरला (डिस्कला पॅडने चिमटणारा भाग) हँडब्रेकची सोयच नाहीये. मित्र म्हणतात लाईन लॉक टाक, पेडल दाबून व्हॉल्व्ह बंद केला की चाकं जाम, काम झालं. की सरळ हायड्रॉलिक हँडब्रेक घेऊ?

उत्तर : दोन्ही नको. हायड्रॉलिक लिव्हर, म्हणजे केबलऐवजी ब्रेक ऑईलवर चालणारा, ड्रिफ्टिंगला (गाडी मुद्दाम घसरवत वळवायला) छान आहे, मागची चाकं क्षणभर लॉक करायलाच तो असतो, पण गाडी रात्रभर उभी ठेवायचं काम त्याच्यावर सोडू नका. लाईन लॉकचंही तेच. सगळी पकड कोंडून ठेवलेल्या ब्रेक ऑईलवर असते, सील जरासा पाझरला किंवा गरम झालेलं ऑईल थंड होऊन आकसलं की प्रेशर उतरतं आणि गाडी हळूच सुटते, तेही तुम्ही गाडीजवळ नसताना. शिवाय मेन ब्रेकही त्याच लाईनवर, म्हणजे लाईन फुटली की दोन्ही गेले.

पार्किंगला केबल, लिव्हर आणि दात्यात अडकणारा खटका, एवढंच पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या आर 13-एच नियमात कारच्या पार्किंग ब्रेकने भरलेली गाडी 20 टक्के चढावर धरायला हवी, हाताचा जोर 400 न्यूटनच्या आत ठेवून, म्हणजे अंदाजे 40 किलो. तुमची रिकामी गाडीसुद्धा अशा चढावर जवळपास 175 किलोने खाली ओढणार. आता लिव्हर बघा, हाताची मूठ पिव्हटपासून (लिव्हर ज्या खिळीवर फिरतो तिथून) 30 सेंमी आणि केबल 5 सेंमीवर असेल तर जोर सहापट होतो, 25 किलो ओढलं तर 150 आणि ते दोन चाकांत वाटलं की प्रत्येकी 75, त्यातलंही थोडं केबलच्या वळणांत जातं. म्हणून एका गाडीचा लिव्हर आणि दुसरीचाच कॅलिपर असं जमवताना हा हिशोब आधी कागदावर करा, शक्यतो लिव्हर, केबल, ब्रेक सगळं एकाच गाडीचं घ्या.

माझी पहिली पसंती डिस्कच्या मधल्या टोपीत छोटा ड्रम असतो त्या प्रकाराला. ड्रम फिरायला गेला की एक लायनर त्याच्याबरोबर ओढला जाऊन अजून घट्ट बसतो, कमी जोरात जास्त पकड मिळते. त्यासाठी हब (चाक आणि डिस्क ज्यावर बसते तो भाग) बदलणं जमत नसेल तर केबलवर चालणारा लिव्हर असलेला मागचा कॅलिपर घ्या, तोही चांगला. वेगळा छोटा मेकॅनिकल कॅलिपर बसवायला सगळ्यात सोपा, पण पॅड लहान, बरेचसे हातानेच ॲडजस्ट करावे लागतात, आणि डिस्क तापलेली असताना ओढला तर थंड होताना डिस्क आणि पॅड आकसून पकड ढिली पडते. ही गोष्ट केबलवाल्या डिस्क कॅलिपरलाही लागू आहे, तेव्हा जोरात चालवून आल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवा, थोड्या वेळाने लिव्हर अजून एक दाता वर घ्या.

प्रश्न : माझ्या गाडीत केबलवाले मागचे कॅलिपर आहेत, केबल कितीही टाईट केली तरी लिव्हर खूप वर येतो. केबल बदलू का?

उत्तर : थांबा, आधी केबल पूर्ण सैल सोडा. केबल ताणलेली असेल तर कॅलिपरवरचा छोटा लिव्हर मागे स्टॉपला टेकतच नाही आणि पॅड झिजले की फट आपोआप भरून काढणारा आतला ॲडजस्टर काम करत नाही, म्हणजे टाईट करून करून तुम्ही त्रास वाढवताय. पॅड आणि डिस्कमधली फट बरोबर झाली, दोन्ही कॅलिपरचे लिव्हर स्टॉपला टेकले की मगच केबलचा ढिलेपणा काढा. तरी फरक नाही पडला तर चाकांना ठोकळे लावून एकाला लिव्हर ओढायला सांगा आणि तुम्ही केबलच्या बाहेरच्या नळीचं टोक जिथे बसवलंय ती पट्टी बघा. घरी बनवलेल्या गाड्यांत ती पातळ पत्र्याची असते, लिव्हर ओढला की वाकते, अर्धा जोर तिथेच संपतो. तसं दिसलं तर केबलला हात लावू नका, पट्टी जाड करा.