बायको पोर्तुगीज, नवरा भारतीय: जर्मनीला निघण्याआधी

अरे, आधी देश पक्का कर. तुझ्या बायकोकडे गोव्यामुळे मिळालेला पोर्तुगीज पासपोर्ट आहे, म्हणून २००४/३८ हा युरोपीय निर्देश (युरोपीय संघाच्या नागरिकाला कुटुंबासह दुसऱ्या सदस्य देशात राहू देणारा नियम) जर्मनीत तुझ्या कामाचा. खुद्द पोर्तुगालला गेलात तर सहसा तिथला देशी कायदाच चालतो. बहुतेकांची गल्लत इथेच होते. ब्रिटनचा विचार सोड, ब्रेक्झिटमुळे ते दार २०२० अखेर बंद झालं.

व्हिसाला फी नाही. शेंगेन व्हिसाच्या अर्जातले चांदणीची (*) खूण असलेले रकाने तुझ्यासाठी नाहीत. खिडकीवर बँक स्टेटमेंट मागितलंच, तर शांतपणे त्या निर्देशाची प्रत पुढे कर. (मी घाबरून अख्खा गठ्ठा दिला होता.) लग्नाचा दाखला मात्र आत्ताच काढून बघ. नावाचं स्पेलिंग दोन्ही पासपोर्टांशी जुळतंय ना? मग जर्मन भाषांतर करून घे.

तिथे तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर निवासकार्डाचा अर्ज कर. अर्जाची पोच लगेच मिळायला हवी, कार्ड सहा महिन्यांत. पण त्यासाठी बायकोला नोकरी हवी, नाहीतर दोघांपुरते पैसे आणि आरोग्य विमा. तिच्या नोकरीचा करार झालाय का, ते आधी सांग.