प्रॉक्सिमाला चादरींच्या गाठी पाठवल्या तर भाडं परवडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विज्ञानकथा लिहिताय, त्यात पृथ्वीवरून प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याजवळच्या वसाहतीला मालवाहू यानं जातात, तर असा धंदा परवडेल का आणि माल कोणता दाखवावा?

सोलापुरात माझं ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस आहे. चादरी-टॉवेलच्या गाठी, कांदा, जे येईल ते भरतो. यान कधी भरलेलं नाही, पण भाडं काढता येतं.

अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. नासाचं व्हॉयेजर १ हे यान सेकंदाला १७ किलोमीटरने पळतंय, त्या वेगाने सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. म्हणून तुमचं यान प्रकाशाच्या एक दशांश वेगाने धावतं असं धरू. ४२ वर्षांत पोचेल. आता एक किलोची चादर घ्या. तिला नुसता तो वेग द्यायला साडेबारा कोटी युनिट वीज लागते. युनिटला ८ रुपये धरले तर चादरीमागे १०० कोटी. तिकडे ब्रेक मारायला पुन्हा तेवढेच. इंजिन, इंधन आणि ड्रायव्हरचा भत्ता यात धरलेलाच नाही!

समजा, तुमच्या कथेत वीज फुकट आहे. तरी व्याज आहेच. बारा टक्क्यांनी पैसा सहा वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे ४२ वर्षांत सात वेळा दुप्पट. आज लाखाचा माल भरला तर तिकडे तो सव्वा कोटीच्या आसपास विकला गेला पाहिजे, तेव्हा कुठे मुद्दल आणि व्याज सुटेल.

इथे हुशार लेखक म्हणेल, वेग वाढवू, यानातलं घड्याळ हळू चालेल. खरं आहे. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने गेलं तर पृथ्वीवर सव्वाचार वर्षं जातात, यानात जेमतेम सात महिने. मग व्याज कोणत्या घड्याळाने लावायचं? लाखाचे १ लाख ७ हजार की १ लाख ६२ हजार? पॉल क्रुगमन यांनी १९७८ साली गमतीगमतीत यावरच लेख लिहिला होता, तो २०१० मध्ये छापून आला. (मधे २००८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं.) त्यांचं उत्तर: ग्रहावरच्या घड्याळाने. सावकाराला हे शिकवावं लागत नाही. माल न भरता पैसा इथेच गुंतवला असता तर तो इथल्याच कॅलेंडरने वाढला असता. ड्रायव्हर म्हातारा झाला की नाही, याच्याशी त्याला काय करायचंय?

मालाचं म्हणाल तर चादर बाद, हे सोलापूरकर असून सांगतोय. जकार्ड मागाला नक्षी सांगायला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लागायची. भोक आहे की नाही, एवढंच त्यात लिहिलेलं. ते रेडिओने सव्वाचार वर्षांत तिकडे पोचतं, वजन शून्य. माग तिकडे असले की आपल्या गाठी पडूनच राहणार. ज्याची नक्कल तिकडे होते ते भरू नका.

मी तुमच्या जागी असतो तर बियाणं भरलं असतं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घ्या, थंडीत नीट ठेवलेली. एका किलोत पाव एकर पेरता येतं, आणि माल उतरल्यावर वाढतो. ब्रेक धरून दोनशे कोटींचं भाडं पहिल्या पाव एकरावर बसतं, पुढच्या हंगामापासून त्याचं बियाणं तिथलंच.

एक सावधगिरी: ‘टू-पे’ बिल्टी, म्हणजे भाडं माल पोचल्यावर घ्यायची पावती, फाडू नका. माल पोचल्यावर भाडं देतो म्हणणाऱ्याच्या मागे मी स्वतः हैदराबादपर्यंत तीनदा गेलोय. इथे ‘पोचला, पण भिजलेला आहे’ एवढा निरोप यायलाच सव्वाचार वर्षं. आणि परतीला काय भरणार, ते कथेत आलंच पाहिजे. माझ्याकडे कोणताही ड्रायव्हर गाडी सोडण्याआधी हेच विचारतो.