‘वेलकम टू कंट्री’मधली ‘कंट्री’ मराठीत कशी आणायची?

प्रश्न असा आला आहे: ‘मुलाकडे सिडनीला चाललो आहोत. तिथे कार्यक्रमाच्या सुरुवातीला ‘वेलकम टू कंट्री’ असतं म्हणे. मला प्रवासवर्णन लिहायचंय. ‘देशात स्वागत’ लिहू का? आणि ॲबोरिजिनल म्हणजे आदिवासीच ना?’

‘देशात स्वागत’ लिहिलंत तर वाचकाला विमानतळावरची पाटी आठवेल. ही कंट्री म्हणजे ऑस्ट्रेलिया नव्हे. ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांपैकी, एकेका समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन, तिच्यातले पाणवठे, झाडं-जनावरं, पूर्वजांच्या कथा आणि हे सगळं सांभाळायची जबाबदारी, एवढं त्या एका शब्दात येतं. या अर्थाने बोलताना ही माणसं सहसा ‘द कंट्री’ म्हणत नाहीत, नुसतं ‘कंट्री’, एखाद्या माणसाचं नाव घ्यावं तसं. कंट्री आजारीही पडते.

गंमत म्हणजे आपला जुना ‘देश’ याच्या बराच जवळ होता. कोकणातला माणूस घाट चढून ‘देशावर’ जायचा, तेव्हा तो काही परदेशी जात नव्हता. पण तो अर्थ आता ‘देशावर’ आणि ‘देशस्थ’ यांच्यापुरताच उरलाय. ‘मुलूख’ कानाला छान लागतो, मात्र त्याच्या पाठोपाठ ‘मुलूखगिरी’ येते, आणि १७८८ साली इंग्रजांची जहाजं लागल्यावर तिथे नेमकी तीच झाली. ‘काळी आई’त माया आहे, पण ती शेतापुरती. मी स्वतः पहिल्यांदा ‘कंट्री’ तसाच ठेवून एका वाक्यात उलगडा करीन, मग ‘भूमी’ वापरीन.

‘स्वागत’ शब्दही जपून वापरा. ‘वेलकम’ करायचा मान त्या भूमीच्या माणसांचाच. कधी भाषण असतं, कधी गाणं, कधी ओल्या पानांचा धूर करतात. मुलाच्या ऑफिसातला साहेब मीटिंगआधी त्या भूमीच्या माणसांचा मान राखणारी दोन वाक्यं बोलतो ते ‘ॲक्नॉलेजमेंट’. त्यालाही ‘स्वागत’ म्हटलंत तर पाहुण्यानेच दुसऱ्या पाहुण्याला ‘या, बसा’ म्हटल्यासारखं होईल. त्याला ‘ऋणनिर्देश’ चालेल. आपल्याकडे तो शेवटी, लोक चपला शोधत असताना होतो. तिथे आधी होतो, एवढाच फरक.

आता ‘आदिवासी’. शब्दार्थाने चूक नाही. पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वारली, कातकरी, गोंड उभे राहतात, आणि तिथला शहरात राहणारा वकील किंवा नर्स त्या चित्रात बसत नाही. शिवाय तो एकच एक समाज नव्हे. इंग्रज आले तेव्हा तिथे अडीचशेहून अधिक भाषा होत्या. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टोरेस सामुद्रधुनीतले बेटवासी तर स्वतःला वेगळे मानतात. म्हणून जिथे असाल तिथलं नाव विचारा आणि तेच लिहा. मध्य सिडनी गॅडिगल लोकांची, मध्य ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड खडक अनांगू लोकांचा. सरसकटच म्हणायचं झालं तर ‘ॲबोरिजिनल लोक’. ‘ॲबोरिजिनी’ मात्र नको, तो शब्द आता तिथे बोचतो.

उलुरूला गेलात तर वहीत आणखी एक शब्द टिपून घ्या: ‘मिंगा’, म्हणजे मुंग्या. त्या खडकावर रांगेने चढणाऱ्या पर्यटकांना अनांगू हेच म्हणत. चढू नका, अशी विनंती ते कितीतरी वर्षं करत होते. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. पायथ्याभोवतीची सुमारे १० किलोमीटरची वाट खुली आहे. काही जागी फोटो काढू नका अशा पाट्या दिसतील. तिथे मोबाईल खिशात. त्या वाटेला ‘प्रदक्षिणा’ लिहायचा मोह तुम्हाला होणार, मलाही झाला असता. पण ‘फेरी’च लिहा. आपला भक्तिभाव अनांगूंच्या गळ्यात कशाला घालायचा?