रिव्हॉल्व्हर नावावर ठेवून विमानात बसू नका

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल. गाव खानापूर तालुक्यात, विट्याजवळ. घरचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा, सोन्याची ने-आण, म्हणून तुमच्या नावावर .३२ चं रिव्हॉल्व्हर आणि लायसन. आता एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत न्यू जर्सीला निघालात. मेहुणे म्हणतात, "मला देऊन टाका." वडील म्हणतात, "राहू दे कपाटात, दोन वर्षांनी येशीलच की." आणि तुम्ही विचारताय की हे विकायचं कसं, नि तिकडे गेल्यावर दुसरं घेता येतं का.

व्हिसा, विमा, घरभाडं यावर मी काही लिहीत नाही, ते सगळीकडे मिळतं. हत्याराचं मात्र कोणी नीट सांगत नाही. सांगतात ते "पोलीस ठाण्यात एक अर्ज टाका, झालं". झालं नसतं. दिलेल्या अर्जाची पोच न घेतल्याने काय होतं हे मला सोसावं लागलंय, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर गप्प बसवेना.

वडिलांचं म्हणणं पहिलं बाजूला ठेवा. लायसन तुमच्या नावावर आहे, घराच्या नावावर नाही. तुम्ही परदेशात आणि हत्यार विट्यातल्या कपाटात, म्हणजे ज्याच्याकडे लायसन नाही त्याच्या ताब्यात हत्यार. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्ये एक सवलत आहे: तुमच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस हत्यार दुरुस्तीला, लायसनच्या नूतनीकरणाला किंवा तुमच्या स्वतःच्या वापरासाठी घेऊन जाऊ शकतो. तेवढ्यासाठीच. सांभाळायला किंवा विकायला ती चालत नाही. त्यामुळे वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून "मागाहून विकून टाका" हा विचार सोडा. जमीन तशी विकता येते, रिव्हॉल्व्हर नाही. बँकेच्या लॉकरचंही तेच. लॉकरच्या करारातच शस्त्र ठेवायला मनाई असते.

आता मेहुणे. पैसे न घेता देणार असाल तरी फरक पडत नाही. कायद्यात विक्री आणि हस्तांतरण दोन्ही एकाच ओळीत आहेत, बक्षीस दिलं तरी ते हस्तांतरणच. आणि हत्याराबरोबर लायसन जात नाही, हा गैरसमज मी आपल्या भागात फार ऐकलाय. मेहुण्यांच्या नावावर स्वतःचं लायसन आधीपासून हवं, त्यावर रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलाची मंजुरी हवी, लायसनवर हत्यार घ्यायला दिलेली मुदत शिल्लक हवी आणि जागा रिकामी हवी. जागा म्हणजे अशी: डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच हत्यारं राहू शकतात, पूर्वी तीन होती. घरात वारसाने आलेली बारा बोअरची बंदूक त्यांच्या नावावर असेल तर तीही या दोनात धरली जाते. वय २१ पूर्ण लागतं. मेहुण्यांकडे लायसनच नसेल तर त्यांचा विषय इथेच संपला. नवीन लायसन निघेपर्यंत तुमच्या जाण्याची तारीख उलटून जाईल.

गलाईवाल्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण निघते. पाहुणे मूळचे आटपाडीचे, पण दुकान तमिळनाडूत किंवा पंजाबात आणि लायसनही तिकडच्या जिल्ह्याचं. मग लायसनवरची हद्द वाचा. काही लायसन एका राज्यापुरती असतात, काही संपूर्ण भारतासाठी. तिकडची हद्द असलेला माणूस विट्यात येऊन हत्यार कमरेला लावून नेऊ शकत नाही. तसा ग्राहक असेल तर दोन्हीकडच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा (म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा) पत्रव्यवहार लागेल. माझं मत विचाराल तर त्या भानगडीत पडू नका, सांगली जिल्ह्यातलाच माणूस बघा.

घेणारा योग्य आहे असं धरून पुढचं सांगतो. खासगी वापराचं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकायला तुम्हाला दुकानदारीचं लायसन लागत नाही, हे कलम ५ च्या पोटकलम २ मध्ये आहे. पण तिथेच दोन अटी आहेत. एक, जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी यांना लेखी कळवायचं, कोणाला विकणार त्याच्या नावपत्त्यासह. दोन, कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्याआधी हत्याराचा ताबा दिला तर ती बेकायदा विक्री. २०१९ पासून कलम ५ मोडून विक्री केल्याची शिक्षा किमान सात वर्षं आहे, जास्तीत जास्त जन्मठेप. "आपल्याच पाहुण्यात दिलं, कुणाला काय करायचंय" म्हणणाऱ्याला ही ओळ दाखवा.

कायद्यात "किंवा" आहे, पण तुम्ही दोन्हीकडे द्या. एक अर्ज सांगलीत विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याच्या टेबलावर, एक विट्याच्या पोलीस ठाण्यात. सांगली-साताऱ्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना प्राधिकारी जिल्हा दंडाधिकारीच. प्रत्यक्षात टेबलावर नुसत्या माहितीच्या पत्रावर भागत नाही. विकणाऱ्याने विक्रीच्या परवानगीचा अर्ज, घेणाऱ्याने खरेदीच्या परवानगीचा अर्ज, मग पोलिसांचा अहवाल, मग आदेश, असा प्रवास होतो. ४५ दिवस हा कायद्याचा किमान आकडा. अहवाल ठाण्यातून अधीक्षक कार्यालयात आणि तिथून विजयनगरला पोचायला लागेल तो वेळ वेगळा. निघायच्या सहा महिने आधी सुरुवात करा.

अर्जात काय लिहायचं: दोघांची नावं, पत्ते, लायसन क्रमांक, दोघांचे युआयएन, हत्यार कोणत्या कारखान्याचं, बोअर, हत्यारावरचा क्रमांक आणि शिल्लक काडतुसं किती. युआयएन म्हणजे शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसमधला तुमचा क्रमांक. जुन्या पुस्तकी लायसनवर तो चढवलेला नसेल तर आधी तेच काम करा, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. लायसनची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी. मुदत संपलेल्या लायसनवरचं हत्यार विकता येत नाही, ते विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावं लागतं, कलम २१.

हत्याराचा क्रमांक लायसनवरून उतरवू नका, हत्यारावरून उतरवा. आधी सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा. मग सुती फडक्याने चौकटीवरचं तेल पुसा. वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ त्या बारीक ठोक्यांत बसलेली असते. मोबाइलचा दिवा आडवा धरला की सावली पडून अंक उठून दिसतात. ३ चा ८ आणि १ चा ७ झालेली लायसन असतात, कारण कधीतरी कोणीतरी अंधुक उजेडात वाचून हाताने लिहिलेलं असतं. फरक निघाला तर विक्रीचा अर्ज थांबवून आधी दुरुस्तीचा अर्ज द्या. तो फरक घेणाऱ्याच्या तपासणीत सापडला तर दोघेही अडकता: तुमच्या लायसनवरचं हत्यार कुठे गेलं याचं उत्तर नाही आणि त्यांच्याकडे आलेलं कुठलं याचंही नाही.

आणि पोच. अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही, चारही. नुसता शिक्का मारून देतात, आवक क्रमांक "नंतर टाकतो" म्हणतात. नंतर टाकला जात नाही. खिडकीसमोर उभे राहा, रजिस्टरमधल्या ओळीचा क्रमांक तुमच्या प्रतीवर येईपर्यंत हलू नका. ४५ दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. ती नसेल तर तुम्ही कळवलंच नाही, असं धरलं जातं. एका कार्यालयात माझा अर्ज "मिळून येत नाही" झाला तेव्हा माझ्याकडे फक्त शाईचा अर्धा गोल होता. त्याची चीड अजून जात नाही. अर्ज हरवला म्हणून नाही, समोरच्या माणसावर विश्वास टाकून मी खिडकीवरून लवकर निघालो म्हणून.

मधे निवडणूक लागली तर आचारसंहितेत हत्यारं जमा करायचा आदेश निघतो. जमा करा, पावती घ्या, विक्रीचं काम निकालानंतर. हा वेळही हिशोबात धरा. तुम्ही परदेशात असताना असा आदेश निघाला आणि हत्यार कपाटात असलं, तर नोटीस वडिलांच्या हातात पडेल. त्या वयात त्यांना ठाण्याच्या बाकावर बसवायचं का, एवढाच विचार करा.

आदेश हातात आल्यावर ताबा द्यायचा. परवानाधारक शस्त्र दुकानात किंवा ठाण्यात, घरी नाही. पैसे चेकने किंवा बँकेतून. विक्रीपावती स्टॅम्प पेपरवर करणार असाल तर ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० चा चालत नाही, ५०० चा घ्यावा लागतो. पावतीत हत्याराचा क्रमांक, काडतुसांची संख्या, आदेशाचा क्रमांक आणि ताबा दिल्याची वेळसुद्धा लिहा. वेळ का, तर त्या दिवशी संध्याकाळी काही घडलं तर हत्यार कोणाच्या हातात होतं हे कागदावर राहतं. मग घेणाऱ्याने हत्यार दाखवून आपल्या लायसनवर नोंद चढवून घ्यायची, तुम्ही तुमच्या लायसनवरून नोंद कमी करून घ्यायची. त्यांची नोंद चढली आणि तुमची उतरली नाही, तर एकच हत्यार दोघांच्या नावावर दिसतं. शेवटी लायसन जमा करून रद्द झाल्याचा आदेश घ्या.

ग्राहक मिळालाच नाही तर परवानाधारक दुकानदाराला विका किंवा त्याच्याकडे पावतीवर सुरक्षित ठेवा. भाव कमी येईल. येऊ द्या.

तिकडचं आता. एच-१बी हा अमेरिकन कायद्याच्या भाषेत नॉनइमिग्रंट व्हिसा, आणि अशा माणसाला बंदूक किंवा एक काडतूसही जवळ ठेवायला संघराज्याच्या (फेडरल, म्हणजे सगळ्या अमेरिकेला लागू) कायद्याने बंदी आहे. शिकारीचं वैध लायसन वगैरे मोजके अपवाद आहेत. मोडलं तर २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षं, आणि व्हिसा जातोच. इथलं रिव्हॉल्व्हर तिकडे न्यायचा विचारही नको. इथे निर्यातीचा परवाना आणि तिथे आयातीचा, दोन्ही लागतात.

टेक्सासमधला एखादा मित्र सांगेल, "इथे तर दोन माणसं पार्किंगमध्ये भेटून पिस्तूल विकतात, कागद नाही." ते खोटं नाही. एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांच्या व्यवहाराला संघराज्याचा कायदा फॉर्म किंवा पार्श्वभूमी तपासणी मागत नाही. पण घेणाऱ्याला बंदी आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून विकलं, तर विकणारा गुन्हेगार. आणि बंदी असलेला घेणारा म्हणजे तुम्ही. शिवाय न्यू जर्सी म्हणजे टेक्सास नव्हे. पुढे ग्रीन कार्ड आलं आणि घ्यावंसं वाटलं, तर तिथे प्रत्येक हँडगनसाठी (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) पोलिसांकडून वेगळा खरेदी परवाना लागतो. तो ९० दिवसांचा, एकदा वाढवता येतो, आणि ३० दिवसांत एकच हँडगन. खासगी माणसाकडून घेतली तरी जवळच्या नातलगासारखे अपवाद सोडले तर व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फत, तपासणी होऊनच. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया. तिथल्या मित्राकडून थेट घेणं हा राज्याबाहेरचा व्यवहार होतो, त्याने ती न्यू जर्सीच्या दुकानदाराकडे पाठवायला हवी. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना नागरिकत्व आणि व्हिसाचा प्रकार विचारतात. तिथे चुकीचा चौकोन भरणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे.

कॅनडाचा पर्याय मनात असेल तर तिथे २१ ऑक्टोबर २०२२ पासून खासगी माणसांतली हँडगनची खरेदी-विक्री जवळजवळ बंदच आहे.

मुलगी पहिलीत जाईल असं लिहिलंय तुम्ही. न्यू जर्सीच्या शाळांत दर महिन्याला आगीच्या सरावाबरोबर एक सुरक्षेचा सराव असतो, कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं अशा प्रसंगांसाठी. दिवे बंद, दार लावलेलं, पोरं भिंतीला टेकून गप्प. शाळा त्याची नीट कल्पना देते, शिक्षिका प्रेमळ असतात, तरी पोरगं घरी येऊन "आज आम्ही लपलो होतो" म्हणतं तेव्हा आईबापाच्या पोटात गोळा येतो. मला ते आजही सहन होत नाही. ज्यांच्या घरात परवान्याचं हत्यार पिढीजात कुलूपबंद असायचं आणि दसऱ्याला पूजेपुरतं बाहेर यायचं, त्यांना तर ते जास्तच लागतं. म्हणून म्हणतो, पुढेमागे हक्क मिळाला तरी घेण्याआधी त्या सरावाच्या दिवशी मुलीशी बोला. एकटेपणाचं विचारलंत, तो येतो. दोन हिवाळे जातात, मग सवय होते.

रद्द झाल्याच्या आदेशाची मूळ प्रत विट्यात वडिलांकडे ठेवा, झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो स्वतःजवळ. आणि सामान भरण्याआधी काडतुसं मोजा. मिळालेली, उडवलेली, घेणाऱ्याला दिलेली, बेरीज जुळली पाहिजे. मुंबई विमानतळावर पकडली जातात ती बहुतेक विसरलेलीच असतात: बॅगेच्या चोरकप्प्यात, चेनच्या मागे, जुन्या जॅकेटच्या आतल्या खिशात एक पितळी काडतूस. लायसन रद्द झालेलं असेल तर त्या एकावर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. रिकामी पुंगळीसुद्धा आठवण म्हणून घेऊ नका. ज्या बॅगेतून सोन्याबरोबर ते रिव्हॉल्व्हर नेत होतात, ती बॅगच घरी ठेवा, नवीन घ्या.