इतके लिनक्स कशाला, एकच करा ना!

प्रश्न: कळव्याला स्टेशनजवळ आमचं झेरॉक्स नि टायपिंगचं छोटं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आमचे जुने पीसी ११ घेत नाहीत, भाचा म्हणाला मामा लिनक्स टाक. बघायला बसलो तर उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, वर फ्रीबीएसडी नि ओपनबीएसडी अजून वेगळेच. डोकं फिरलं. ही हुशार मंडळी एकत्र येऊन एकच दणदणीत सिस्टिम का बनवत नाहीत? दहीहंडीला दोन पथकं एक झाली की थर वाढणारच ना?
— एक वाचक, कळवा

उत्तर: कुठले वाढतायत दादा, कोण कोणाच्या खांद्यावर हे ज्याच्या त्याच्या सरावात आधीच ठरलेलं असतं. आणि हे करून झालंय बरं का. २००२ मध्ये सुसे, टर्बोलिनक्स, कॉनेक्टिवा नि कॅल्डेरा अशा चार कंपन्यांनी मिळून 'युनायटेड लिनक्स' काढलं, सगळ्यांचा पाया एकच ठेवायचा म्हणून, पण पुढच्याच वर्षी त्यातल्या कॅल्डेराने (तोवर नाव बदलून एससीओ झाली होती) लिनक्सवरूनच आयबीएमवर केस ठोकली आणि सगळा कारभार आटोपला. ह्या तर पगार देणाऱ्या कंपन्या! जो हौसेने रात्री कोड लिहितो त्याला तुम्ही उद्यापासून दुसऱ्या टीममध्ये बस म्हणालात तर तो तिकडे जाणार नाही, लिहिणंच सोडेल.

भांडणातूनही कामाचं निघतं. नेटबीएसडी नावाच्या अशाच एका सिस्टिमवाल्यांशी फाटल्यावर त्यांच्यातला प्रोग्रामर थिओ द राट याला बाहेर पडावं लागलं नि १९९५ ला त्याने ओपनबीएसडी काढलं, त्याच गटाचं १९९९ चं ओपनएसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) आज महापे-रबाळ्याच्या डेटा सेंटरमधला अॅडमिन लिनक्सवर दिवसभर वापरतो.

मुळात एकी आहे, ती खाली आहे म्हणून दिसत नाही. तुमच्या यादीतल्या चारही लिनक्सचं कर्नल, म्हणजे आतला गाभा, एकच, उबुंटू डेबियनवर उभं, मिंट उबुंटूवर. दुकानात 'दऱ्या' नि 'दर्या' टाइप करून बघा, एकात र आडवा, दुसऱ्यात रफार. पूर्वी जोडाक्षरं मांडायचा कोड ग्नोम नि केडीई या लिनक्सच्या दोन डेस्कटॉपवाल्यांकडे वेगवेगळा, मग एका प्रोग्राममध्ये बरोबर दिसलेलं दुसऱ्यात फुटायचं. आता दोघंही त्यासाठी हार्फबझ नावाचा एकच कोड वापरतात, फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइडसुद्धा तेच, म्हणजे आपला र एकदा दुरुस्त झाला की सगळीकडे झाला. एकत्र यायचं तर असं यावं.

एका बाबतीत मात्र तुमची चिडचिड शंभर टक्के पटते. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला डेब नि आरपीएम असे दोन प्रकार होतेच, त्यावर तोडगा म्हणून फ्लॅटपॅक, स्नॅप, अॅपइमेज असे अजून तीन आणून ठेवले, कमाल आहे!

तुम्ही यादी फेकून द्या, मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून बघा, आधी प्रिंटर-स्कॅनर चालतोय का तपासा, मगच इन्स्टॉल करा. जुन्या मराठी फॉन्टमधल्या गिऱ्हाइकांच्या फाइली असतीलच, त्यांच्यासाठी एक विंडोज पीसी राहू द्या, फक्त त्याचं नेट काढून टाका.