आधी वाढ, मग मुद्दल

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आरईएसपीतून, म्हणजे बाबांनी इथे कॅनडात तुझ्या शिक्षणासाठी उघडलेल्या बचत खात्यातून, पैसे काढायचे म्हणजे काय भानगड असते, असं विचारलंस. फॉर्म साधाच असतो गं, पण त्यात एक चौकट चुकीची भरली तर पुढे महागात पडतं.

बाबांनी दाखवलेल्या स्टेटमेंटात तीन आकडे आहेत. त्यांनी भरलेले ३६,००० डॉलर, सरकारी अनुदान ७,२०० आणि साधारण २५,००० ची वाढ. अनुदान एका मुलामागे जास्तीत जास्त ७,२००च मिळतं, म्हणजे तुझ्या बाबांनी एक छदामही सोडला नाही!

बाबांचं मुद्दल काढलं तर त्यावर कर नाही. अनुदान आणि वाढ मिळून जे निघतं त्याला इथे ईएपी म्हणतात आणि ते तुझ्या उत्पन्नात धरलं जातं. म्हणून अनेक जण ते शेवटी ठेवतात. तू उलट कर. मुद्दलाला हात लावू नये ही आपल्या घरातली शिकवण इथे नेमकी उपयोगी पडते. आत्ता तुझी कमाई म्हणजे उन्हाळ्यातल्या नोकरीचे चार पैसे. केंद्राच्या करात साधारण सोळा हजार डॉलरपर्यंत कर लागतच नाही, वर फीची सवलत वेगळी. प्रांताची मर्यादा तेवढी पाहून घे. उद्या शिक्षण अर्धवट राहिलं, तर उरलेलं अनुदान सरकारकडे परत जातं आणि वाढीवर बाबांच्या दराने कर, शिवाय वर २० टक्के. ती वाढ बाबांच्या आरआरएसपीत, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात, वळवायची सोय आहे, पण तिथे पैसे भरायची मर्यादा शिल्लक असेल तरच. मुद्दल मात्र कुठेही जात नाही.

पहिल्या १३ आठवड्यांत फुलटाइम विद्यार्थ्याला ईएपीचे ८,०००च काढता येतात. हॉस्टेल आणि फी त्यात भागली नाही, तर तेवढ्यापुरतं मुद्दल घ्या. डिसेंबरात ती अट संपली की वर्ष सरायच्या आत आणखी ईएपी काढता येईल का ते बघ. सप्टेंबरात सुरू होणाऱ्या चार वर्षांच्या डिग्रीत कॅलेंडरची वर्षं पाच येतात, आणि कराचा हिशोब कॅलेंडरवर चालतो. पहिलं वर्ष रिकामं घालवू नकोस. पुढे को-ऑप, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग असलेली पगारी नोकरी, मिळून बरा पगार आला, की त्या वर्षी ईएपी कमी घे.

फॉर्मवर ‘पाच हजार हवेत’ असं मोघम लिहू नकोस. ईएपी किती, मुद्दल किती, हे स्पष्ट लिही. नाहीतर ते दुसराच कोणीतरी ठरवेल. सोबत कॉलेजचं एनरोलमेंट लेटर लागतं, नुसतं ऑफर लेटर पुरेलच असं नाही. अर्ज केल्यावर पैसे हातात यायला काही दिवस जातात, तेव्हा फीच्या आदल्या दिवशी धावपळ नको. आणि पुढच्या वर्षी लागणारी रक्कम अजून शेअर बाजारात असेल, तर ती आत्ताच जीआयसीत, म्हणजे मुदत ठेवीत, हलवायला सांग. बाजार तुझ्या फीची तारीख बघून चढत-उतरत नाही.

फेब्रुवारीच्या सुमारास टी-फोर-ए, म्हणजे काढलेल्या ईएपीची करासाठीची स्लिप, येईल. कर शून्य असला तरी रिटर्न भरायचाच.

खातं बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे सही त्यांचीच लागेल. ऑगस्टमध्ये ते पुण्याला जाणार आहेत ना? तिकिटाच्या तारखेआधी फॉर्म त्यांच्यासमोर ठेव.

तुझी,
मावशी